राखेत निवलेली साखळी

एका नदीकाठच्या गावात बयजा नावाची एक लोहारीण राहत होती. आईबाप मागेच गेले होते. धाकट्या बहिणीला, तुळसाला, तिने भात्याच्या फुसफुशीवर झोपवून लहानाची मोठी केली होती. त्या घरात एक जुनी रीत होती. विळ्याच्या पात्याला पाणी पाजावे, म्हणजे तापलेले पाते पाण्यात बुडवावे, पण ज्याला ओझे ओढायचे आहे ते पोलाद गरम राखेत पुरावे आणि आपले आपण निवू द्यावे. तोवर घरातली माणसे पावलेही हळू टाकत. ‘पोलाद निजलंय,’ म्हणत. लोक हसत. हसेनात का बापडे!

गावच्या नदीला मोठी ओढ होती. राजाने या काठापासून त्या काठापर्यंत साखळी बांधायचे ठरवले. नाव साखळीला धरून जाईल, म्हणजे धार तिला वाहून नेणार नाही. काम बयजाला मिळाले. आणि त्या साखळीवरून पहिली नाव जायची होती ती तुळसाच्या वऱ्हाडाची. पलीकडच्या गावात दुपारचा मुहूर्त होता.

सगळ्या कड्या राखेत निवल्या. साखळीचे दोन तुकडे जोडणारी एकच कडी उरली. ती लग्नाच्या सकाळी काठावरच घडवायची होती. बयजाने ती लालबुंद तापवली, वळवली, ठोकून मिटवली आणि राखेकडे हात नेला. तोच राजाचे कारभारी विसाजीपंत म्हणाले, “आता दिवसभर राखेची राखण करायची? मुहूर्त काय तुझ्या कडीसाठी थांबणार आहे?”

बयजा गोंधळली. बहिणीचे लग्न! तिने डोळे मिटले आणि कडीवर घागर ओतली. चर्रकन वाफ उठली. पंतांनी कडीवर कानस घासली. ओरखडासुद्धा उठला नाही. “वा! ही सगळ्यांत पक्की,” पंत म्हणाले. पहिली नाव बघायला आलेल्या राजाने खूश होऊन बयजाच्या खांद्यावर शेला घातला.

वऱ्हाड यायला अवकाश होता. बयजा उबदार राखेच्या ढिगाला टेकली आणि तिचा डोळा लागला.

स्वप्नात ती मुंगीएवढी झाली होती. राखेत निवणाऱ्या एका कडीच्या आत ती शिरली. आत सगळीकडे तांबूस उजेड होता, मावळतीसारखा. लोखंडाच्या मऊ कणांत कोळशाचे कण मिसळून गेले होते. जत्रेतल्यासारखी दाटी होती. मग ऊब हळूहळू उतरू लागली. कोळशाचे कण म्हणाले, “जरा सरका, आम्हाला एकत्र बसू द्या.” मऊ कण सरकले. कोळशाने थोडे लोखंड सोबत घेतले आणि एक पातळ, कठीण पदर अंथरला. त्याला लागून मऊ पदर पडला. पुन्हा कठीण, पुन्हा मऊ. कुणी गोधडी शिवत बसावे तसे पदरावर पदर चढत गेले. शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी त्यांवर चमक आली. बयजाला फार बरे वाटले. इथेच पडून राहावे, असे वाटले.

चालता चालता ती शेवटच्या कडीत आली. तिथे पदर नव्हते. जो जिथे होता तिथेच थिजला होता, अंग आखडून, श्वास कोंडून. त्यांतला एक कण पुटपुटला, “बाई, आम्हाला बसू तरी द्यायचं होतंस.”

सनईच्या आवाजाने बयजा दचकून जागी झाली. तुळसा हिरव्या साडीत नावेकडे निघाली होती. शेवटची कडी ओझे पेलणार नाही, हे साऱ्या गावात एकट्या बयजालाच ठाऊक होते. ती गप्प राहिली तर शेला खांद्यावर राहणार होता.

“थांबा!” ती ओरडली. “महाराज, ही कडी कच्ची आहे. मी घाई केली.”

“काहीतरीच!” पंत म्हणाले. “कानस लागत नाही तिला.”

बयजाने कडी ऐरणीवर धरली आणि घण घातला. कडीचे काचेसारखे दोन तुकडे झाले.

“दुसरी किती वेळात होईल?” राजाने विचारले.

“दिवस कलेल, महाराज. मुहूर्त जाईल.” बयजाने शेला उतरवून राजापुढे ठेवला. बहिणीकडे बघायचे तिला धाडस होईना.

तुळसा नावेच्या वाटेवरून मागे फिरली आणि थेट राखेच्या ढिगाजवळ येऊन बसली. “दुपारचा जाऊ दे की, अक्का,” ती म्हणाली. “गोरज मुहूर्त काय वाईट असतो?”

नवी कडी घडली आणि राखेत गेली. सनई थांबली. सारे वऱ्हाड झाडाखाली कुजबुजत बसले. पोरेसुद्धा दमाने खेळली. दिवस कलता नाव निघाली. मध्यधारेला पाण्याने तिला जोराने ओढले. साखळी ताणली गेली, कण्हली, आणि टिकली. पलीकडे गाई घरी परतत होत्या. त्यांच्या खुरांच्या धुळीत तुळसाच्या डोक्यावर अक्षता पडल्या, आणि बयजा ऐन मांडवात हमसून हमसून रडली.

तात्पर्य: ज्याला ओझे ओढायचे आहे त्याला निवायला वेळ द्यावा, आणि घाईत झालेली चूक कौतुकाखाली झाकण्यापेक्षा आपल्याच हाताने मोडावी.