महाराजांची दाढ आणि करकोच्यांचा थवा

एका राज्यात, जिथे ढगांनासुद्धा वेशीवर थांबवून नावगाव विचारले जाई, शार्दूलसेन नावाचा राजा राज्य करीत होता. राजा शूर होता, न्यायी होता, आणि एक गोष्ट सोडली तर शहाणाही होता. ती गोष्ट म्हणजे सुपारी. त्या राज्यात राजाने अख्खी सुपारी स्वतःच्या दाढेने फोडल्याशिवाय कोणतेही मंगल कार्य सुरू होत नसे. अडकित्ता होता हो, चांगला सोन्याचा होता! पण अडकित्त्याने फोडायची ती प्रजेने. राजाने दाढेनेच फोडायची, आणि फुटल्याचा आवाज दरबाराच्या शेवटच्या रांगेपर्यंत जायला हवा. बापाने फोडली, आजाने फोडली, म्हणून यानेही फोडायची.

या राजाला एकुलती एक मुलगी होती, कुमुद्वती. भृकुटिनाथ नावाच्या जादूगाराला राजवाड्याखाली पुरलेला नीलमण्यांचा शापित हंडा हवा होता. हंडा उघडला की राज्यातल्या विहिरी आटायच्या, म्हणून राजाने साफ नकार दिला. जादूगाराने गच्चीवर खेळणाऱ्या कुमुद्वतीवर फुंकर घातली, तिचा करकोचा झाला आणि ती वरून जाणाऱ्या थव्यात मिसळून गेली.

जाता जाता भृकुटिनाथ म्हणाला, "राजा, वर्षातून एकदा सूर्य मावळताना तिचा थवा या गच्चीवरून जाईल. बापाने स्वतःच्या तोंडाने, स्पष्ट शब्दांत तिचे नाव घेऊन हाक मारली तर ती पुन्हा माणूस होईल. तिसऱ्यांदा थवा गेला, की ती आपले नाव विसरेल. मग हाका मारून उपयोग नाही."

जादूगारांची ही जुनीच खोड. शाप देतील, आणि सुटकेची वाटही आपणच सांगून जातील.

पहिल्या वर्षी धुके इतके दाट पडले, की थवा वरून केव्हा गेला ते कुणाला कळलेच नाही. दुसऱ्या वर्षी राजाने जिवाच्या आकांताने हाक मारली, पण वावटळीने ती वाटेतच उचलली आणि शेजारच्या राज्यात नेऊन टाकली. तिकडची माणसे अजून विचारतात, ही कुमुद्वती कोण?

आणि आता तिसऱ्या वर्षीचा तो दिवस उजाडला. आकाश निरभ्र होते, वारा पडलेला होता, राजाचा गळा मधाच्या चाटणाने मोकळा केलेला होता. सगळे कसे जुळून आले होते! तेवढ्यात राजपुरोहित म्हणाले, "महाराज, आज कन्या घरी यायची. एवढे मोठे मंगल कार्य, सुपारी फोडायला हवी."

राजाने सुपारी दाढेखाली धरली आणि जोर केला. दोन आवाज झाले. पहिला सुपारीचा. दुसरा कशाचा, ते राजाच्या चेहऱ्यावरून कळले. शेवटच्या रांगेने मात्र टाळ्या वाजवल्या, कारण इतका दणदणीत आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

राजाने गाल धरला तो धरलाच. कळ दाढेतून निघाली, कानात शिरली, कपाळात जाऊन बसली. ओरडायचीही सोय नव्हती. तोंड उघडले की वारा आत लागायचा आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. राणी भानुमती धावत आली. "महाराज, बोलता येते का?" राजाने नाही अशी मान हलवली. "नाव तरी घेऊन पाहा." राजाने ओठ उघडले, 'कु' एवढाच निघाला, आणि पुढची सगळी अक्षरे कळेने गिळून टाकली. आणि संध्याकाळी थवा यायचा होता.

त्यात भर पडली समाचाराची. त्या राज्यात कुणी आजारी पडले, की घरटी एक माणूस समाचाराला यायचे, येताना उपाय घेऊन यायचे, आणि आजाऱ्याने तो मुकाट्याने घ्यायचा. नको म्हणायची रीतच नव्हती. नको म्हणणे म्हणजे आल्या माणसाला दारातून हाकलून देणे. तेव्हा सेनापतींनी जळजळीत दारू तोंडात धरायला लावली. प्रधानांच्या पत्नीने तापलेल्या विटेचा शेक दिला. पुरोहितांनी हिंगाचा खडा दाबला. एका आत्याबाईंनी मिश्री चोळली, दुसरीने ती पुसून तिखट लावले. सगळे प्रेमाने हो! प्रेमात काही खोट नव्हती. पण सूर्य माथ्यावर यायच्या आत राजाचा गाल टम्म फुगला आणि हिरड्या सोलून निघाल्या.

राणीने खिडकी उघडून धनेश पक्ष्याला हाक मारली. हा धनेश राजघराण्याचा दूत. मोठी चोच, तोंडाने फटकळ.

"सात टेकड्यांपलीकडे दंतवैद्या कात्यायनीबाई राहतात," राणी म्हणाली. "त्यांना घेऊन ये."

धनेश गेला आणि घामाघूम होऊन एकटाच परतला.

"बाई मगरीची दाढ भरताहेत," तो म्हणाला. "अर्धा हात तिच्या जबड्यात आहे. काम अर्धवट सोडले तर हात तिथेच राहील. उद्या उजाडताच येतील."

"आणि आज?"

"आजचा दिवस निभवायला तीन गोष्टी सांगितल्या. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या. गालाला बाहेरून गार कापड, थोडा वेळ ठेवायचे, थोडा वेळ काढायचे. शेक बंद. तिसरे, लवंगेच्या तेलाचा एक थेंब कापसाच्या बोळ्यावर घेऊन फक्त त्या दाढेला. डोके उंच ठेवायचे. ताप भरला, गिळता येईना, किंवा सूज मानेकडे उतरू लागली, तर उद्याची वाट बघत बसू नका, आहेत तसे उचलून आणा. आणि याशिवाय तोंडात काहीही घालायचे नाही. काहीही म्हणजे काहीही, हे त्या दोनदा म्हणाल्या."

आता तुम्ही म्हणाल, मीठ आणि लवंगा राजाच्या मुदपाकखान्यात नसतील? होत्या की! पण समाचाराला आलेल्यांनी आपापल्या उपायांत घालून सगळ्या संपवल्या होत्या. गार पाण्याचा रांजणही कोरडा पडला होता. राणीने पाहुणे अडवायला धनेशाला दारावर बसवले, राजाच्या पाठीशी उशा रचल्या आणि ती धावत्या पायवाटेवर जाऊन उभी राहिली. त्या पायवाटेवर आपण चालायचे नसते, तीच आपल्याला घेऊन पळते.

पायवाट पहिल्यांदा मिठागरापाशी थांबली. तिथला राक्षस मिठाच्या ढिगावर मांडी घालून बसला होता.

"मूठभर मीठ द्या," राणी म्हणाली. "राजाची दाढ दुखते आहे."

"दाढ?" राक्षसाचे डोळे चमकले. "मग मीठ कशाला? हा निखारा घे. दाढेवर ठेव. दुखणे जळून जाईल."

राणीचे हात सवयीने पुढे झाले. जन्मात तिने कुणाला नको म्हटले नव्हते. मग तिला राजाचे सोललेले तोंड आठवले.

"नको," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली. "तुमच्या मायेला नमस्कार. निखारा नको, मीठ द्या."

आणि गंमत बघा. त्या राज्यात आजवर कुणी उपाय नाकारलाच नव्हता, त्यामुळे नाकारलेला उपाय आणणाऱ्याकडेच परत जातो, हे कुणाला ठाऊकच नव्हते. निखारा टुणकन उडाला आणि राक्षसाच्याच दाढेवर जाऊन बसला.

"आई गं!" राक्षस कळवळला. "एवढे भाजते होय? मी तर वर्षानुवर्षे सगळ्यांना हेच सांगतो आहे!" त्याने राणीला पोतेभर मीठ दिले. राणीने मूठभर घेतले.

दुसऱ्यांदा पायवाट थांबली ती तळघरापाशी. तिथे राजाच्या पूर्वजांनी एक अख्खा हिवाळा कुलुपात ठेवला होता आणि एक म्हातारी कुडकुडत त्याची राखण करीत होती. राणीने गारांची वाटी मागितली.

"गार कशाला, पोरी? हे कढत पोटीस घे. भाजलेल्या कांद्याचे आहे. गालावर बांध."

"नको, आजी," राणी म्हणाली. या खेपेला शब्द जरा सहज निघाला.

पोटीस म्हातारीच्याच गालावर जाऊन चिकटले. म्हातारीने डोळे मिटले. "अगबाई," ती म्हणाली, "किती दिवसांनी ऊब मिळाली!" आणि तिने वाटीऐवजी घमेले भरून गारा दिल्या.

तिसऱ्यांदा पायवाट बोलक्या लवंगेच्या झाडाखाली थांबली. झाड मोठे मानी.

"एक थेंब तेल?" ते फणकारले. "माझा अपमान करतेस? घडाभर घे. तोंडात ओत आणि धरून ठेव."

"तोंड पोळेल. एकच थेंब पुरे."

"आमच्याकडे एक थेंब कुणी मागत नाही!"

"मी मागते," राणी म्हणाली. "घडा नको."

घडा झाडाच्याच बुंध्यावर उपडा झाला. झाड शेंड्यापर्यंत चुरचुरले. मग त्याने एका पानाच्या टोकावर एक थेंब आणून राणीपुढे धरला.

राणी परतली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. राजाने कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या, तशी दारू, हिंग, मिश्री, तिखट सगळे तस्तात येऊन पडले. राणीने गारा कापडात गुंडाळून गालावर धरल्या, काढल्या, पुन्हा धरल्या. मग कापसाचा बोळा दाढेला लावला. कळ कपाळातून कानात उतरली, कानातून दाढेत, आणि तिथे कोपऱ्यात अंग चोरून बसली. गेली नाही. पण बसली. राजाने सकाळपासून पहिल्यांदा सुखाचा श्वास घेतला, आणि राणीला रडूच फुटले.

दोघे गच्चीवर गेले. उत्तरेकडे आकाशात एक करडी रेघ दिसू लागली होती. तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली आणि राजाची दाई वर आली. हिच्याच मांडीवर राजा वाढलेला. तिला अडवायची धनेशाचीही छाती झाली नव्हती. तिच्या हातात दुधाचा पेला होता.

"लेकरा, किती सोसलेस रे," ती म्हणाली. "एवढा घोट घे. उरलेसुरले दुखणे पळून जाईल. मग मोकळ्या तोंडाने हाक मार."

राजा घुटमळला. दाढ अजून ठसठसत होती. एवढ्याशा बळावर हाक आभाळापर्यंत जाईल का? पेल्यातून सुंठ-वेलचीचा वास येत होता. दाई पेला पुढे धरून उभी होती. तिला नको म्हणायचे? जिने आपल्या तोंडात पहिला घास घातला, तिला? हे राणीने बोलून चालणार नव्हते. रेघ जवळ येत होती. एकेक पंख ओळखू येत होता.

"नको, दाईआई," राजा म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "रागावू नको. पण नको."

पेला दाईच्या हातातून उसळला आणि तिच्याच घशात रिता झाला. पाहतात तो काय, दाई कुठली! पातळाच्या निऱ्या गळून पडल्या आणि आत भृकुटिनाथ! त्याने शाप द्यायला तोंड उघडले, पण आवाजच फुटेना. पेल्यात वाचा बंद करणारे औषध होते. मंत्र म्हणता न येणारा जादूगार म्हणजे नुसता दाढीवाला माणूस. खरी दाई खाली आपल्या खोलीत शांत झोपली होती.

पण राजाला हे पाहायला सवड कुठली? थवा डोक्यावर आला होता. राजाने दोन्ही हातांनी कठडा धरला, छाती भरून घेतली आणि हाक मारली, "कुमुद्वती!"

दाढेत कळ उठली. उठू दे, म्हणाला, आणि पुन्हा हाक मारली, "कुमुद्वती! बाळ, घरी ये!"

थव्यातल्या एका करकोच्याने मान वळवली. तो रांग सोडून खाली आला, त्याचे पाय गच्चीला टेकले, आणि पंख मिटता मिटता त्यांचे हात झाले. केसांत पिसे अडकलेली एक मुलगी उभी होती. राणीने तिला जी मिठी मारली, ती कितीतरी वेळ सुटली नाही. त्याच हाकेने वाड्याखाली नीलमण्यांच्या हंड्याचीही शापातून सुटका झाली आणि त्यातून गोड पाण्याचा झरा वाहू लागला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कात्यायनीबाई आल्या. मगरीने स्वतः पाठीवर बसवून नदीतून आणून सोडले. तर राजेसाहेब म्हणतात कसे, "आता फारसे दुखत नाही. राहू द्या ना. उगाच कशाला?"

बघा! आदल्या दिवशी याच दाढेपायी लेक पणाला लागली होती.

"महाराज," बाई म्हणाल्या, "काल तुम्ही दुखणे थोपवून धरलेत. चांगले केलेत. पण दाढ चिरलेली ती चिरलेलीच आहे."

"आबासाहेब," कुमुद्वती म्हणाली, "आ करा."

राजाने आ केला. बाईंनी दाढ बधिर केली, आतली कीड साफ केली, चीर बुजवली, वर चांदीची टोपी बसवली. "संध्याकाळपर्यंत बोलायचे नाही," त्या म्हणाल्या. बाई निघण्यापूर्वी दरबारात दोन हुकूम वाचले गेले. यापुढे राजाही सुपारी अडकित्त्यानेच फोडेल. आणि आजारी माणसाने नको म्हटले, तर आल्या पाहुण्याने बसून चार गप्पा माराव्यात आणि आपला उपाय घरी न्यावा.

राजा गच्चीवर उशीला टेकून बसला. अर्धा चेहरा बधिर, तोंडात कापूस. कुमुद्वती शेजारी बसून बोलत होती. ढगांना आतून कसला वास येतो, झोपेत उडताना रांग कशी धरायची, थव्यातली म्हातारी करकोची तिच्यावर किती माया करी. बोलता बोलता ती थांबली.

"पहिल्या वर्षी धुक्यात मला तुमचा दिवा दिसला होता, आबासाहेब. मी किती ओरडले. पण तुम्हाला तो पक्ष्याचाच आवाज वाटला असेल."

राजाचे डोळे भरून वाहू लागले. त्याने काही सांगण्यासाठी तोंड उघडले, तर तिने त्याच्या ओठांवर हात ठेवला.

"बोलू नका," ती म्हणाली. "मला काही घाई नाही आता."