निम्म्या भावातले माग

"आणलेस ते आणलेस. पण त्यांचं दुखणं कोण ओळखणार?"

मोमीनचाचांनी एवढंच विचारलं आणि भूपाल मगदूमला ते झोंबलं.

"नवीन काही घेतलं की तुमचं हे ठरलेलं, चाचा. स्वतः परदेशात जाऊन आणलेत. सहा माग. वापरलेले, पण इथल्या नव्याच्या निम्म्या भावात!"

"हं..."

चाचा दर्ग्याच्या पायरीवर बसून पाण्याचा माठ घासत होते. ते घासतच राहिले.

इचलकरंजीत माग दुरुस्त करणाऱ्याला जॉबर म्हणतात, आणि चाचांसारखा जॉबर गावानं दुसरा पाहिला नाही. भूपाल त्यांच्याच हाताखाली आठ वर्षं शिकला. मग स्वतःचा कारखाना काढला, बारा माग लावले, गाडी घेतली, आणि हळूहळू मानही ताठ झाली. नवा माग सुरू करताना पहिला हात जॉबरचा, त्याला टॉवेल-टोपी आणि नारळ, ही त्यांच्याकडची रीत. या खेपेला भूपालनं बटण स्वतःच दाबलं आणि वर फोटोही काढून घेतला. ज्या माणसानं हातात पाना धरायला शिकवलं त्याला साधं बोलावणंही नाही! आता काय म्हणावं?

तेव्हापासून आठ दिवस सूत तटातट तुटत होतं. हातभर कापड धड निघेना. जागा करायची म्हणून जुने बारा माग त्यानं अंगणात काढून ठेवले होते, आणि भंगारवाल्याला आज दुपारचीच वेळ दिली होती. ते एकदा गेले आणि हे चाललेच नाहीत, तर कारखान्याला कुलूप. म्हणून तर भूपाल आज इथं आला होता. नाहीतर तो दर्ग्याची पायरी कशाला चढतोय?

"चला ना, चाचा... चुकलं माझं."

चाचांनी माठ पालथा घातला, हात पुसले आणि मुकाट्यानं गाडीत जाऊन बसले. राग नाही, टोमणा नाही. तेच भूपालला जास्त लागलं.

कारखान्यात आल्यावर त्यांनी एक नवा माग चालू करायला सांगितला. खिशातून जुना लाकडी धोटा काढला, मागात आडवं सूत नेणारा. त्याचं एक टोक मागाला टेकवलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून उभे राहिले. दोन मिनिटांत सूत तुटलं.

"मशीन झकास आहे," चाचा म्हणाले.

भूपालचा जीव भांड्यात पडला. "मग सूत का तुटतंय?"

"त्याला तिकडच्या सुताची सवय. आपलं सूत नरम."

"एवढंच ना? सूत तिकडून मागवतो!"

"मागव. आणि हवा? आपली कोरडी पडते."

"हवा दमट ठेवायचं यंत्र मिळतं. बसवतो."

"बसव. सुटे भाग?"

"बोटीनं येतात. दोन महिने लागतात, पण येतात."

"आणि दुरुस्तीला?"

"तिकडचा माणूस येणार आहे. वर्षातून एकदा."

चाचांनी अगदी मनापासून मान डोलावली.

"एवढं सगळं इकडं आणण्यापरीस तूच तिकडं जा की, लेका. स्वस्तात पडेल."

कामगार तोंड फिरवून हसले. भूपालचे कान लाल झाले.

"थट्टा करू नका, चाचा! माझं घर यावर चालतं. या आठ माणसांचंही चालतं."

"थट्टा कुठं केली? बाहेर ये."

अंगणात जुने माग धूळ खात उभे होते.

"डोळे मीट."

भूपालनं मिटले. चाचांनी एका मागाचं चाक हातानं अर्धा फेरा फिरवलं. करकर झाली.

"कितवा?"

"तिसरा." भूपाल जराही अडला नाही.

"दुखतंय काय?"

"उजव्या बाजूचा पट्टा सैल झालाय. दर पावसाळ्यात होतो त्याचा."

चाचा चार पावलं पुढं गेले. पुन्हा करकर.

"आणि हा?"

"नववा. ह्याचं बेअरिंग मी उलटं बसवलं होतं. तुम्ही दिवसभर माझ्याशी बोलला नव्हता." मिटल्या डोळ्यांनीच भूपाल हसला. कितीतरी दिवसांनी हसला असेल.

"डोळे उघडू नको."

चाचांनी त्याचा हात धरला आणि त्याला आत नेलं. एका नव्या मागाचं चाक फिरवलं. ते लोण्यासारखं फिरलं.

"कितवा?"

भूपालनं कान टवकारले.

"..."

"दुखतंय काय?"

"..."

चाचांनी दुसरं चाक फिरवलं. मग तिसरं. भूपालच्या कपाळावर घाम आला. तो ऐकत राहिला, अगदी जीव ओतून ऐकत राहिला.

फाटकाशी टेंपोचा हॉर्न वाजला.

भूपालनं डोळे उघडले. चाचांनी आपला धोटा त्याच्या हातात ठेवला होता.

"भंगारवाला आलाय," चाचा म्हणाले. "जा, भंगार कुठलं ते दाखव त्याला."