चकोरी घाट उतरली

धूर सोडणं म्हणजे रुबाब, असं गाड्या समजत होत्या तेव्हाची ही गोष्ट. घाटाखालच्या शेडमध्ये चकोरी नावाची विजेची गाडी राहायला आली. पहिल्याच चढणीला चार्जिंग संपून ती अडली आणि म्हाताऱ्या डिझेल जीपने तिला दोर बांधून ओढत आणलं. तेव्हापासून जीपआजोबा तिला येताजाता टोमणे मारायचे.

दसऱ्याला सगळ्या गाड्या झेंडूच्या माळा घालून घाटमाथ्यावरच्या देवीला निघाल्या. "पोरी, तू घरीच थांब. सणासुदीला मला ओढाओढ नको," जीपआजोबा खिदळले.

पोटभर चार्जिंग करून चकोरी निघालीच. माथ्यावर पोचेपर्यंत तिचा जीव मेटाकुटीला आला. पण उतारावर तिची फिरती चाकंच बॅटरी भरू लागली आणि पायथ्याशी ती ताजीतवानी पोचली. जीपआजोबांच्या ब्रेकला मात्र जळका वास येत होता.

"तरी घरी गेल्यावर वायर लागेलच ना तुला?" ते खेकसले.

"लागेल की! भुकेची कसली लाज?" चकोरी म्हणाली. "जेवून कुणाच्या तोंडावर धूर तर सोडत नाही मी! आणि उद्या वाटेत अडले, तर तुमचा दोरही मागेन, आजोबा. पण मान वर करून मागेन."