उंबरीची रानगाय

ही गोष्ट आहे फार फार जुनी. तेव्हा गावं नव्हती, शेतं नव्हती. माणसं टोळ्या करून शिकारीमागे हिंडत. ज्याला चालवत नसे, त्याला झाडाखाली बसवून टोळी पुढे निघून जाई.

अशाच एका टोळीत उंबरी नावाची मुलगी होती. दरडीवरून पडून तिच्या म्हाताऱ्या बापाचा पाय मोडला. आता याला इथंच सोडावं लागणार, हे सगळ्यांना कळून चुकलं.

त्याच दिवशी शिकारीच्या खड्ड्यात एक रानगाय पडली. तिचं वासरू काठावर हंबरत उभं होतं. पुरुष भाले घेऊन धावले. उंबरी आडवी आली.

"थांबा! हिच्या अंगात दहा माणसांचं बळ आहे. ते आपल्या कामी आलं तर?"

सगळे खो खो हसले. म्होरक्या म्हणाला, "पोरी, टोळी हलेपर्यंत ही गाय तुझी. मग मांस वाटायचं."

उंबरी रोज गवत नेई. गाय शिंगं उगारी, माती उडवी. एकदा तर उंबरीचा दंड सोलून निघाला. तरी ती गेलीच! दहाव्या दिवशी वासरू तिच्या हातातला मिठाचा खडा चाटू लागलं. गाय नुसती बघत राहिली. मग तिनंही मान पुढे केली. उंबरीला आनंदानं ओरडावंसं वाटलं, पण तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

खड्ड्याला उतार खणून तिनं गाय बाहेर काढली.

निघायचा दिवस उजाडला. म्होरक्या भाला घेऊन गायीजवळ येऊन उभा राहिला. बाप म्हणाला, "जा बाळ. मागं वळून बघू नको."

"बा, आज तू सगळ्यांच्या पुढं!"

दोन लांब बांबूंवर फांद्या बांधून तिनं बापाला बसवलं आणि बांबूंना बांधलेले वेलींचे दोर गायीच्या खांद्यावर टाकले. गाय अडली. फुरफुरली. उंबरी वासराला घेऊन पुढं चालू लागली, आणि काय सांगू, गायीनं पाऊल उचललं!

"ओढतेय! ओढतेय!" बायका-पोरं ओरडली. म्होरक्यानं भाला टाकला आणि तोही पोरासारखा मागं धावत सुटला.

त्या दिवसापासून टोळीनं कुणालाच मागं सोडलं नाही. पाणी कुठं लागतं, कोणतं बी रुजतं, हे म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. ते शहाणपण आता सोबत येऊ लागलं. गुरं वाढली. दूध आलं, नांगर आला. एका नदीकाठी टोळी थांबली ती कायमची, आणि तिथं पहिलं गाव वसलं.

तात्पर्य : जनावर मारलं तर एका दिवसाची भूक भागते, त्याला जीव लावला तर माणसांचं गाव उभं राहतं.