टिकलीची सुट्टी आणि अर्धी रांगोळी

खाडीच्या मधोमध एक खडक. खडकाखाली एक बीळ. बिळात राहायची एक खेकडुली. टिकलीएवढी होती, म्हणून नाव टिकली.

टिकलीला होती एक ताई. दोघी रोज वाळूच्या गोळ्या वळायच्या. इटुकल्या पिटुकल्या. गोळ्यांची रांगोळी मांडायच्या. अर्धी ताईची, अर्धी टिकलीची.

मग ताईचं लग्न झालं. ताई गेली सासरी. रांगोळी राहिली अर्धी.

सुट्टी लागली. सुट्टी एक, पुळणी दोन. इकडे माडांची वाळू, तिकडे सुरूच्या झाडांची वाळू.

"आई, मी कुठे जाऊ?"

"तुझं तू ठरव," आई म्हणाली. "माडांच्या पुळणीवर मामा आहे. खोबरं आहे. मामानं तुझ्यासाठी नवं बीळ खणलंय, एवढंच सांगते."

"आणि सुरूच्या पुळणीवर?"

"तिथे काय, नुसता वारा. आणि तुझी ताई."

टिकली तुरुतुरु, आडवी आडवी, गेली होडीकडे.

"होडी, होडी, मला ने. मी सुट्टीला जाऊ कशी?"

होडी म्हणाली, "मी बसलेय चिखलात रुतून. भरती आली तर नेईन."

तुरुतुरु, आडवी आडवी, गेली भरतीकडे.

"भरती, भरती, ये ना. होडी हलेना. मी सुट्टीला जाऊ कशी?"

भरती म्हणाली, "आगंतुकासारखी कशी येऊ? चांदोबानं बोलावलं तर येईन."

तुरुतुरु, आडवी आडवी, गेली चांदोबाकडे.

"चांदोबा, चांदोबा, बोलाव ना. भरती येईना. होडी हलेना. मी सुट्टीला जाऊ कशी?"

चांदोबा म्हणाला, "माझ्या तोंडावर ढग बसलाय. तो सरकला तर बोलावीन."

तुरुतुरु, आडवी आडवी, गेली ढगाकडे.

"ढगा, ढगा, सरक ना. चांदोबा बोलावेना. भरती येईना. होडी हलेना. मी सुट्टीला जाऊ कशी?"

ढग म्हणाला, "मी आपणहून हलत नाही बाई. वाऱ्यानं ढकललं तर सरकेन."

तुरुतुरु, आडवी आडवी, गेली वाऱ्याकडे.

"वाऱ्या, वाऱ्या, वाह ना. ढग सरकेना. चांदोबा बोलावेना. भरती येईना. होडी हलेना. मी सुट्टीला जाऊ कशी?"

वारा म्हणाला, "वाहतो की. पण कुठे? माडांकडे की सुरूकडे?"

"दोन्हीकडे," टिकली म्हणाली.

"तसं नसतं गं. एकीकडे वाहिलो, की दुसरीकडे नाही. एक सांग."

टिकलीला दिसलं मामाचं नवं बीळ. बिळाच्या तोंडाशी मामा. वाट बघतोय.

टिकलीला दिसली रांगोळी. अर्धी.

टिकली हळूच म्हणाली, "सुरूकडे. पण मामाला सांग, मी रुसले नाहीये."

सूं सूं सूं, वारा वाहिला. ढग सरकला. चांदोबानं बोलावलं. खळखळ खळखळ, भरती आली. डुलुक डुलुक, होडी हलली. टिकली पोचली सुरूच्या पुळणीवर.

तिथे नुसता वारा. आणि ताई.

आणि वाळूत एक रांगोळी. अर्धी.

"सासूबाई रोज विचारतात," ताई म्हणाली, "पुरी का करत नाहीस?"

"मग तू काय सांगतेस?"

"सांगते, नांगी दुखते."

टिकली मोकळ्या बाजूला जाऊन बसली. एक गोळी वळली. दुसरी वळली. तिसरी वळली. वळता वळता रांगोळी पुरी झाली.

एक गोळी उरली.

"ही मामाची," टिकली म्हणाली. तिनं ती पाण्याशी ठेवली. लाट आली. गोळी घेऊन गेली.

"पोचेल का गं, ताई?"

ताईनं टिकलीला जवळ घेतलं. दोघी बघत बसल्या. लांब, पलीकडे, काळे काळे माड.

तिथे मामानं बीळ उघडंच ठेवलंय. टिकलीच्या पुढच्या सुट्टीसाठी.