मोडलेल्या टाचांची साक्ष

पूर्वी वाराणसीत सुनंद नावाचा राजा राज्य करीत असताना तिथल्या गवंड्यांच्या श्रेणीत, म्हणजे त्यांच्या संघात, एक नियम होता. आणि तो का आहे हे विचारायचे नाही, हासुद्धा नियमच होता. बांधकामासाठी दोर-फळ्यांनी बांधलेल्या परांचीवरून जो कोणी पडेल त्याने तांब्याभर पाणी परांचीच्या बुडाशी ओतायचे आणि चार वडीलधाऱ्यांसमोर म्हणायचे, "चूक माझ्या पावलाची." मग त्याला सात दिवसांचे धान्य मिळे आणि गोष्ट तिथेच मिटे.

त्या काळी बोधिसत्त्वाचा जन्म एका हाडवैद्याच्या घरी झाला होता. बापामागे श्रेणीचा वैद्य म्हणून तोच काम पाहू लागला. राहायला श्रेणीने दिलेले घर होते, वर्षाचे धान्यही श्रेणीकडूनच येई. हात इतका हलका की मोडलेले हाड बसवताना माणसे बोलता बोलता थांबत, ओरडत नसत.

एके दिवशी मेखला नावाची एकोणीस वर्षांची मुलगी चुन्याची पाटी डोक्यावर घेऊन परांचीच्या तिसऱ्या थरावर उभी असताना फळीचा दोर तुटला. फळी खाली गेली आणि फळीपाठोपाठ ती. तिच्या दोन्ही टाचा मोडल्या. बोधिसत्त्वाने कामट्या लावून पाय बांधले आणि तिला खरे ते सांगितले. चार महिन्यांनी ती चालू लागेल, पण डोक्यावर ओझे घेऊन पुन्हा कधी चढता येणार नाही. मेखलेला दुसरे काम येत नव्हते आणि तिला पोसणारे घरात कोणी नव्हते.

तिसऱ्या दिवशी श्रेणीचा प्रमुख गोभद्र तांब्या घेऊन आला. तो तिच्या वडिलांचा चुलतभाऊ. त्याने मायेने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, हातांचा पाळणा करून तिला परांचीपर्यंत नेतो म्हणाला, आणि वाक्य एकदाच म्हणायचे आहे, हेही सांगितले. मेखलेने विचारले की सात दिवसांनी काय खायचे. गोभद्र म्हणाला, असे प्रश्न तिच्या वडिलांनी कधी विचारले नव्हते. ते खरे होते. तिचे वडीलही पडले होते, त्यांनीही वाक्य म्हटले होते, आणि पुढची सहा वर्षे ओसरीवर बसून सुतळी वळता वळता ते गेले.

दुपारी बोधिसत्त्व कामट्या आवळायला आला, तेव्हा मेखलेने त्याला विचारले, "वैद्यराज, माणूस घसरून पडला की फळी निसटून पडला, हे हाडावरून कळतं का?"

"कळतं," बोधिसत्त्व म्हणाला. "घसरणारा तिरका पडतो. तो हात पुढे करतो, म्हणून त्याचं मनगट मोडतं, खांदा निखळतो. पायाखालची फळीच गेली तर माणूस उभाच्या उभा खाली येतो. त्याच्या टाचा मोडतात."

"अशा टाचा किती जणांच्या बसवल्यात?"

"नऊ वर्षांत चौदा जणांच्या. तू चौदावी."

"आणि आधीचे तेराही जण म्हणाले, चूक माझ्या पावलाची."

"हो."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मला कुणी विचारलं नाही."

मेखला त्याच्याकडे बघत राहिली. "तुमचं कुठलं हाड मोडलं होतं म्हणून गप्प बसलात?" ती म्हणाली. "आता मी विचारते आहे."

बोधिसत्त्वाला राग आला नाही. पोरीने बोट नेमके दुखऱ्या जागी ठेवले आहे, हे त्याला वैद्य म्हणून कळले. एका बांधकामाचे दोर सोडून दुसऱ्याला बांधायचे, तिथून तिसऱ्याला, अशी श्रेणीची रीत त्याने रोज पाहिली होती. ते दोर हातात कसे कुसकरतात हेही त्याला ठाऊक होते. न्यायसभेत येऊन हेच सांगीन, असे त्याने तिला वचन दिले.

ही वार्ता गोभद्राच्या कानी गेली. तो वैद्याच्या दारात आला आणि घर कुणाचे, धान्य कुणाचे, याची त्याने आठवण करून दिली. "वैद्यराज, तुम्ही हाडं बसवा," तो म्हणाला, "न्याय आम्ही बसवतो." बोधिसत्त्वाने त्याला बसायला पाट दिला, पाणी दिले, आणि घरातली भांडी दुसऱ्याच दिवशी बहिणीकडे नेऊन ठेवली.

ज्याने उभारलेल्या वस्तूमुळे दुसरा अपंग होईल त्याने त्या अपंगाच्या औषधपाण्याचा आणि जन्मभराच्या पोटाचा भार उचलावा, अशी राजाज्ञा न्यायसभेच्या खांबावर कोरलेली होती. ती कोरली होती गवंड्यांनीच. पण त्यांच्यापैकी एकानेही तिच्या आधाराने कधी दाद मागितली नव्हती.

चुना वाहणाऱ्या चार बायांनी मेखलेला बाजेवर घालून न्यायसभेत आणले. गोभद्र आणि तिघे वडीलधारे आधीच उभे होते. गोभद्राने सांगितले की हल्लीच्या मुली काम करताना बोलतात, हसतात, पायाकडे लक्ष देत नाहीत. मग बोधिसत्त्वाने टाचांविषयी सगळे सांगितले. गोभद्र म्हणाला, खेळता खेळता उडी मारली तरी टाच मोडेल. बाजेजवळ उभी असलेली एक बाई पुटपुटली की डोक्यावर चुन्याची पाटी घेऊन गोभद्राने आधी स्वतः उडी मारून दाखवावी. सभेत हशा पिकला.

निवाडा करायला बसलेला न्यायामात्य हसला नाही. तो मघापासून गोभद्राच्या पायांकडे पाहत होता. दगडी फरशीवर गोभद्र उजवी टाच जरा उचलूनच उभा होता.

"आपणही कधी पडला होतात?" त्याने विचारले.

"तेविसाव्या वर्षी," गोभद्र म्हणाला. "पाऊल चुकलं."

"हात मोडला होता?"

"नाही."

एवढे बोलून गोभद्राने मान खाली घातली आणि स्वतःची टाच अशी पाहिली, जशी ती दुसऱ्या कुणाची असावी.

न्यायामात्याने निर्णय दिला. मेखलेचे औषधपाणी आणि जन्मभराचे अन्नवस्त्र श्रेणीने आणि ते घर बांधवून घेणाऱ्या मालकाने मिळून द्यावे. उरलेल्या तेरा जणांनीही येऊन आपली दाद मांडावी. दर बांधकामाला दोर नवा असावा. वैद्याला घराबाहेर काढू नये.

बायांनी बाज उचलली. दाराबाहेर येताच मेखलेने इतका मोठा श्वास सोडला की पुढच्या दोघींना वाटले ती रडते आहे. ती रडत नव्हती. गोभद्र तांब्या घेऊन आला त्या दिवसापासून तिला पहिल्यांदा भूक लागली होती. कुणीतरी पदराच्या गाठीतले फुटाणे तिच्या ओंजळीत दिले.

तेवढ्यात गोभद्र आणि तिघे वडीलधारे मागून आले. गोभद्राच्या हातात तो तांब्या होता. त्याच्या बोलण्यात आता दरारा नव्हता. तो म्हणाला की मिळायचे ते सगळे तिला मिळाले, चांगलेच झाले. आता फक्त रीत राहून जाऊ नये म्हणून परांचीशी पाणी ओतावे. वाक्य मनातल्या मनात म्हटले तरी चालेल.

मेखलेने फुटाणे मुठीत धरले.

"काका, मी ओतणार नाही," ती म्हणाली. "आणि तुम्ही ओतलं होतंत ना, तेव्हाही चूक तुमच्या पावलाची नव्हती."

गोभद्र तांब्या धरून उभा राहिला. बाकीचे तिघे एकमेकांकडे पाहू लागले. त्यांच्यातले दोघे कधीकाळी पडले होते. बायांनी वाट पाहिली, आणि मग बाज घेऊन त्या उन्हातून घराकडे निघाल्या.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षुसंघाला म्हणाले, "तेव्हाचा गोभद्र म्हणजे आज तरुण भिक्षुणींना प्रश्न विचारू न देणारा हा वृद्ध स्थविर. मेखला म्हणजे काल ज्या भिक्षुणीला त्याने गप्प बसवलं ती. हाडवैद्य मी होतो. नऊ वर्षं मी बोललो नव्हतो, हे माझ्याविषयी सांगताना गाळू नका." या कथेतली पारमिता, म्हणजे बोधिसत्त्वाने साधलेला सद्गुण, क्षमेची असावी, असे काही स्थविरांना वाटले होते. शास्त्यांनी सांगितले, ती सत्याची आहे.