मोडीची घंटा

“मग तुम्हीच सांगा बुवा, मोड ही मोड राहत नाही, ते नेमकं कधी?”

दिगंबर कासार मठाच्या पायरीवरच उभा होता. हातात पितळेची घंटा, चेहरा लाल. फुटके तांबे आणि चेपलेली पातेली वितळवून ती ओतली होती. मोडीची घंटा देवापुढे टांगायची नाही, असं विश्वस्तांनी नुकतंच त्याला तोंडावर सांगितलं होतं. आता मठाधिपती अच्युतबुवांचा शब्द तेवढा उरला होता.

“तुझा कायदा काय म्हणतो?” बुवांनी विचारलं.

दिगंबरची छाती फुगली. फुगणारच, मोडीचा माल कधी होतो याचा नियम सरकारी समितीत बसून त्यानंच लिहिला होता.

“माल कशासाठी वापरायचा ते ठरलेलं हवं. बाजारात त्याला मागणी हवी. दर्जात उतरायला हवा. आणि माणसाला, मातीपाण्याला अपाय नको. एवढं झालं की कचरा संपला, माल सुरू झाला!”

“तू लिहिलंस?”

“मी! मोडवाल्याच्या पोरानं! भल्याभल्या साहेबांसमोर एक शब्द खाली पडू दिला नाही.”

“छान लिहिलंयस,” बुवा म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. दिगंबरला आभाळ ठेंगणं झालं.

“वाजव.”

त्यानं घंटा उंच धरून टोला दिला. नाद मोठा उठला, पण त्याच्याखाली काहीतरी खडखडलं. कासाराचाच कान तो. दिगंबरनं चमकून घंटेकडे पाहिलं.

घंटेच्या कडीला तारेनं पत्र्याची पट्टी बांधली होती. तिच्यावर त्याच्याच वळणदार अक्षरात कोरलं होतं : मोडीपासून बनवलेली. नियमानुसार कचरा नाही.

“हे काय?”

“पुरावा, बुवा. लोकांना कळायला नको?”

“ही घंटा आहे ना?”

“आहे.”

“कायद्यानं?”

“कायद्यानंही.”

“मग…”

बुवांनी हात पुढं केला.

दिगंबर घुटमळला. त्या पट्टीवरचं एकेक अक्षर त्यानं हौसेनं कोरलं होतं. अखेर त्यानं तार उलगडली, पट्टी बुवांच्या हातावर ठेवली आणि पुन्हा टोला दिला.

नाद नदीपार गेला. शिखरावरचे पारवे उडाले. आतून एक विश्वस्त कोण वाजवतंय ते बघायला बाहेर आला आणि ऐकत तिथंच उभा राहिला.

“टांगू?” दिगंबरनं विचारलं.

“टांग.”

त्यानं बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. उठला तो ताठ मानेनं, विश्वस्ताला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “बघितलंत बुवा? शेवटी एका मोडवाल्याच्या पोरानं…”

बुवांनी डोळे मिटले. कान जरासा त्याच्याकडे कलता केला.

“थांब दिगंबर… अजून खडखडतंय.”